१४० पौंडांचं एम.ए.

गणिताच्या चौकटीच्या वहीतलं एक पान मी अजून फाडून टाकलेलं नाही. वही सांगलीहून आणलेली, पान मे २०२४ मधलं. वर लिहिलंय १२,४७१. त्याखाली ९,८००. वजाबाकी २,६७१. मग एक तिरकी रेघ, आणि शेजारी वेगळ्या शाईत ३,७४१.३०, त्याला ११ ने भाग, आलेल्यातून ११० वजा, पुन्हा गुणिले ११. सगळ्यात खाली दोनदा गोल केलेला आकडा : १४०. पौंड. इंग्लंडमध्ये अपंगत्वाचा भत्ता आणि युनिव्हर्सल क्रेडिट यांवर घर चालवत असताना एम.ए. करायचं, तर वर्षभराच्या कर्जातून फी भरून, सगळी कापाकापी होऊन माझ्या हातात एवढे उरणार होते.

हे पान कसं तयार झालं ते एकदा नीट लिहायचं होतं. दोन-तीन मैत्रिणींनी फोनवर विचारलं, पण सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं. शिवाय आपल्या लोकांत यावर कुणी उघड बोलत नाही. व्हिसा, मॉर्गेज, मुलांच्या ग्रामर स्कूलच्या परीक्षा यांवर तासन्‌तास बोलतील. बेनिफिट, म्हणजे सरकारी भत्ते म्हटले की आवाज खाली जातो.

मी २००९ मध्ये लग्न होऊन इकडे आले. बी.ए. झालेलं, एम.ए.चा पहिला भाग दिलेला, दुसरा लग्नाच्या गडबडीत राहिला तो राहिलाच. इथे एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून लागले. वाचायला जड जाणारी, एका जागी न बसणारी मुलं माझ्याकडे असायची आणि ते काम मला मनापासून आवडायचं. २०१८ च्या हिवाळ्यात बोटांचे सांधे सुजायला लागले. आधी वाटलं, थंडी. मग सकाळी किटलीचं झाकण उघडेना. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. आई त्याला आमवात म्हणते आणि अजूनही दर फोनला सुंठ-एरंडेलाची आठवण करून देते. संसार २०१९ मध्ये मोडला, नोकरी २०२० मध्ये सुटली. एवढंच बरं की तोवर नागरिकत्व मिळालं होतं. नाहीतर नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईच्या कार्डावर, सरकारी मदतीवर हक्क नाही, असं तेव्हा स्वच्छ छापलेलं असायचं.

ज्यांना इथली व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, हा अपंगत्वाचा भत्ता. तो तुमची कमाई पाहत नाही, बँकेतली शिल्लक पाहत नाही, तुम्ही शिकताय का तेही पाहत नाही. स्वयंपाक, आंघोळ, कपडे घालणं, चालणं अशी रोजची कामं कशी होतात, तेवढंच पाहतो. मला दोन्ही भागांचा साधा दर मिळत होता, आठवड्याला ७२.६५ आणि २८.७० पौंड. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांना दरमहा मिळणारी सरकारी मदत, याच्या अगदी उलट. ते उत्पन्न पाहतं, शिल्लक पाहतं, ६,००० पौंडांच्या वर बचत गेली की कापायला लागतं आणि १६,००० च्या वर गेली की बंद. त्यात माझी मूळ रक्कम ३९३.४५, आजारपणामुळे काम शक्य नाही असं ठरल्यामुळे वरचे ४१६.१९, आणि घरभाड्याचा भाग वेगळा. हे सगळे २०२४-२५ चे दर, आणि पुढे जे लिहितेय तेही इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड-वेल्समध्ये शिक्षणाच्या कर्जाचे नियम निराळे आहेत.

युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज भरतानाची एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती आपल्यापैकी कुणालाही लागू होईल. बचतीत परदेशातली मालमत्ताही धरतात. बाबा गेल्यावर वारस म्हणून सातबारावर भावाबरोबर माझंही नाव लागलं होतं. २०१४ मध्ये मी हक्कसोडपत्र करून दिलं होतं, तेही भाऊ चांगला आहे म्हणून, कुठल्या योजनेसाठी नव्हे. तरी मी ते सगळं कळवलं, हक्कसोडपत्राचा इंग्रजी तर्जुमा जोडला. भत्ता मिळावा म्हणून मालमत्ता कुणाच्या नावावर केली असेल तर ती तुमच्याकडेच आहे असं मानतात. माझं प्रकरण अर्जाच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे प्रश्न आला नाही. पण ज्यांनी नाव अजून सातबारावर तसंच ठेवलंय आणि इकडे ‘काही नाही’ असं लिहिलंय, त्यांनी एकदा विचार करावा.

तर एम.ए. शिक्षणशास्त्रात, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावर भर देणारं. घरापासून बसने ४० मिनिटांवर एक विद्यापीठ. शाळेत उभं राहून काम करणं आता होणार नव्हतं, पण मुलांची गरज तपासून योजना आखणं, पालकांशी बोलणं, हे बसून करता येतं आणि त्याला पदवी लागते. विद्यापीठाने प्रवेश दिला तो मार्चमध्ये. पैशाचा विचार मी त्यानंतर सुरू केला. करायला हवा होता आधी.

पहिली भीती कर्जाचीच. इंग्लंडमध्ये मास्टर्ससाठी सरकारी कर्ज आहे, त्या वर्षी जास्तीत जास्त १२,४७१ पौंड. घरच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध नाही, वय ६० च्या आत हवं, आणि आधीची मास्टर्स पदवी नको. ही शेवटची अट वाचून पोटात गोळा आला. भारतातली पदवीही धरतात. माझी मैत्रीण पुण्याहून एम.कॉम. होऊन आलेली, तिला याच अटीमुळे कर्ज मिळालं नाही. मी ट्रंकेतून जुनी गुणपत्रिका काढली. एम.ए. भाग एक, उत्तीर्ण. भाग दोन नाही. पंधरा वर्षं घरच्यांनी जे तोंडावर फेकलं, ‘एक वर्ष राहिलं होतं गं तुझं, तेवढं केलं असतंस,’ ते अर्धवट राहणंच आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं. आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे बरंच झालं म्हणायचं की काय?”

दुसरी भीती जास्त खरी होती. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सहसा युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. अपवाद ठरलेले आहेत, त्यातला एक आमच्यासारख्यांसाठी : पिप किंवा तसाच भत्ता चालू हवा, आणि तुमची कामाची क्षमता मर्यादित आहे हा निर्णय अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आधी झालेला हवा. आधी. डिसेंबर २०२१ पासून हा शब्द पक्का झाला. माझा तो निर्णय फेब्रुवारी २०२२ मध्येच झालेला. लांबलचक फॉर्म, मग फोनवर तासाभराची मुलाखत, मग दोन महिन्यांनी पत्र, असं सगळं होऊन. त्या पत्राकडे मी तेव्हा धड पाहिलंही नव्हतं. आता ते प्लास्टिकच्या खोळीत घालून ठेवलंय.

हे मी का लांबवतेय, तर माझ्या ओळखीतल्या एका मुलाने उलटं केलं. त्याला पिप होतं, आजारही जुना. पण आधी कॉलेज सुरू केलं, पैसे संपल्यावर नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट मागितलं आणि ‘आता माझी तपासणी करा’ म्हणाला. आजारात, कागदात, कशात खोट नव्हती. क्रम चुकला. आपल्याकडे तहसीलमध्ये एखादा दाखला नंतर जोडला तरी साहेब ‘बरं, द्या’ म्हणतो. इथे तारखेपुढे कुणाचं काही चालत नाही. तुम्हाला पुढे कधी शिकायचं मनात असेल, अगदी तीन वर्षांनी, तरी ती तपासणी आत्ता करून घ्या.

तर दारातून आत जाता येणार हे नक्की झालं. मग वही काढली.

माझा पहिला डाव अगदी मराठी होता : कर्ज घ्यायचंच नाही. भाऊ म्हणाला होता, “ताई, थोडे मी पाठवतो, थोडे हळूहळू भर, कर्ज कशाला?” मलाही वाटलं, कर्ज नाही तर उत्पन्न नाही, उत्पन्न नाही तर युनिव्हर्सल क्रेडिटला हात लागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एका जाणकाराने अगदी हेच ठासून सांगितलंही. सुदैवाने अपंग विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या एका हेल्पलाइनवर फोन लागला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, की तुम्हाला कर्ज मिळण्याजोगं असेल तर तुम्ही ते घेतलंय असंच धरून हिशोब होतो. न घेतलेलं कर्जही तुमचं उत्पन्न.

मी त्यांना हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या हसल्या.

नियम असा आहे. मास्टर्सच्या कर्जात फी आणि राहण्याचा खर्च असे वेगळे कप्पे नाहीत, एकच रक्कम. मग युनिव्हर्सल क्रेडिटसाठी त्या कमाल रकमेचे ३० टक्के राहण्याखाण्यासाठी असं मानतात. १२,४७१ चे ३० टक्के, ३,७४१.३०. तुमची फी किती हे त्यात कुठेच येत नाही. माझी फी ९,८००, म्हणजे कर्जातून फी गेल्यावर खरोखर उरणार २,६७१, आणि मी जेवणाखाण्याला ३,७४१ खर्च करणार असं सरकार धरून चाललेलं. ज्यांची फी ८,००० आहे त्यांना हा हिशोब बरा पडतो. ज्यांची १२,००० आहे त्यांच्या ताटात नसलेली पोळी मोजली जाते.

पुढचा भाग बारीक आहे, पण पैसे तिथेच वाचतात. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्या-महिन्याने मोजतात, आणि प्रत्येकाचा महिना वेगळ्या तारखेला सुरू होतो. माझा १७ तारखेला. अभ्यासक्रम ज्या महिन्यात सुरू होतो तिथून मोजायचं, आणि शेवटचा आठवडा ज्यात येतो त्याच्या आधीच्या महिन्यापर्यंत. एवढ्या महिन्यांत ती रक्कम वाटायची आणि दर महिन्याच्या वाट्यातून ११० पौंड सोडून द्यायचे. उरेल ते युनिव्हर्सल क्रेडिटमधून पौंडाला पौंड कापलं जातं. माझा अभ्यासक्रम २३ सप्टेंबर २०२४ ते १२ सप्टेंबर २०२५. महिने आले ११. महिन्याला ३४०.१२, त्यातून ११० गेले, कपात २३०.१२. अकरा महिन्यांची कपात २,५३१ आणि वर काही पेन्स. हातातले २,६७१ वजा हे २,५३१. तो गोल केलेला आकडा.

आणि त्यात घोळ झालाच. प्रवेशाबरोबर विद्यापीठाने जे पत्र दिलं त्यात अभ्यासक्रम संपण्याची तारीख ६ जून होती. म्हणजे वर्ग संपण्याची. प्रबंधाचे उन्हाळ्यातले तीन महिने पत्रात नव्हतेच. मीही ते पत्र तसंच अपलोड करणार होते, तारीख म्हणजे तारीख. रात्री अंथरुणात पडल्यावर सहज बोटांवर मोजले तर महिने आठ. उठून दिवा लावला. आठांत वाटलं तर महिन्याची कपात ३५७.६६, आणि वर्षाची २,८६१. कारण ११० ची सूट दर महिन्याला आहे, महिने कमी तर सूटही कमी. एका चुकीच्या तारखेने ३३० पौंड जाणार होते आणि माझे १४० उणेमध्ये.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या खिडकीवर गेले. तिथला मुलगा म्हणाला, आम्ही सगळ्यांना हेच पत्र देतो. मी म्हटलं, सगळ्यांना द्या, मला दुसरं द्या. त्याला वाईट वाटेल अशा सुरात म्हटलं नाही, पण खुर्चीवरून उठलेही नाही. तशीही पटकन उठता येत नाही. चौथ्या दिवशी नवीन पत्र आलं, त्यात प्रबंध सादर करण्याची तारीख धरून १२ सप्टेंबर. तेच जर्नलमध्ये टाकलं. जर्नल म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातली पत्रव्यवहाराची जागा. फोनपेक्षा तिथे लिहिलेलं बरं. काय बोललो, केव्हा बोललो याचा पुरावा राहतो.

या सगळ्या कागदांत मला सगळ्यात जड काय गेलं असेल, तर ते आकडे नव्हते. मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी लिहायच्या होत्या. एक, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्वतःबद्दलचं निवेदन. दुसरं, अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्सचा फॉर्म. पहिल्यात लिहायचं की मी काय काय करू शकते. दुसऱ्यात लिहायचं की मला काय काय जमत नाही. सकाळी लिहिलं, ‘आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अख्खं वाक्य वाचताना पाहिलं, तेव्हा ठरवलं.’ संध्याकाळी लिहिलं, ‘भाजी चिरताना सुरी हातातून सुटते, म्हणून गोठवलेली आणते. ब्राचा हुक मागे लावता येत नाही.’ दोन्ही खरं. पण दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवली की असं वाटतं, यातली एक बाई खोटं बोलतेय.

आपल्याला ‘जमतं हो’ म्हणायची सवय. कसं आहे विचारलं की ‘बरं आहे’, पाय मोडला तरी ‘चाललंय’. पिपच्या पहिल्या मुलाखतीत मी हेच केलं होतं. “पोळ्या करता येतात का?” अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, मी म्हटलं हो. येतातच. दोन. मग मनगट गरम पाण्यात धरून अर्धा तास बसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी एकही होत नाही, हे मी सांगितलंच नाही. नंतर कळलं की नियमात ‘येतं’ याचा अर्थच वेगळा आहे : धोका न होता, नीट, पुन्हा पुन्हा, आणि वाजवी वेळात येतं का. या चार गोष्टी मी एका कार्डावर लिहून फ्रिजला चिकटवल्या. डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्सच्या व्हिडिओ कॉलवर लॅपटॉप त्या कार्डासमोरच ठेवला होता. बाईंनी विचारलं, किती वेळ टाइप करू शकता? जिभेवर ‘करते ना’ आलं होतं. कार्ड पाहिलं. म्हटलं, वीस मिनिटं, मग संध्याकाळपर्यंत काही नाही, आणि मेथोट्रेक्सेट हे सांध्यांचं औषध घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तर तेही नाही.

हा अलाउन्स मात्र खरोखर कामाचा, आणि पुष्कळ लोकांना माहीत नसतो. पदव्युत्तरसाठी त्या वर्षी कमाल मर्यादा २६,९४८ पौंड. ते पैसे हातात देत नाहीत, गरजेप्रमाणे वस्तू आणि माणसं देतात. घरच्या उत्पन्नाशी संबंध नाही, परत फेडायचं नाही, आणि युनिव्हर्सल क्रेडिट त्याकडे पाहत नाही. मला पाठीला-मनगटाला आधार देणारी खुर्ची मिळाली, बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर, वर्गाचं ध्वनिमुद्रण करून नोंदी काढायची सोय, आणि आठवड्याला एक तास एक मार्गदर्शक बाई. लॅपटॉपही मिळाला, त्यातले पहिले २०० पौंड आपण भरायचे असतात. सॉफ्टवेअरला माझं सांगलीचं इंग्रजी कळायला नोव्हेंबर उजाडला. पहिल्या निबंधात मी जिथे जिथे ‘इन्क्लुजन’ म्हटलं तिथे त्याने ‘इल्युजन’ लिहिलं. समावेशक शिक्षणाचा निबंध, आणि शीर्षकातच भ्रम. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, एवढं चुकीचंही नाही.

शिष्यवृत्त्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. स्नोडन ट्रस्टची अपंग विद्यार्थ्यांसाठीची मास्टर्स शिष्यवृत्ती आहे, ३०,००० पौंडांपर्यंतची. अर्ज केला, नाही मिळाली. माझ्याहून जास्त धडाडीची माणसं असणार. टर्न-टू-अस या संस्थेच्या संकेतस्थळावर छोट्या छोट्या धर्मादाय निधींचा शोध घेता येतो. तिथे सापडलेल्या अकरा ठिकाणी लिहिलं, सात जणांनी उत्तर दिलं नाही, तिघांनी नम्रपणे नाही म्हटलं, एका स्थानिक ट्रस्टने ४०० पौंड दिले, पुस्तकं आणि प्रवासासाठी. ते कपातीत धरले गेले नाहीत. भावाने पाठवलेले पैसेही उत्पन्नात धरत नाहीत, फक्त खात्यात साठू द्यायचे नाहीत, कारण साठले की बचत. भाऊबीजेला आलेले २५० पौंड मी तीन दिवसांत हिवाळी बूट आणि दोन पुस्तकांत घालवले आणि त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, “ओवाळणीचा हिशोब देणारी पहिली बहीण तू.”

कर्ज तीन हप्त्यांत येतं, ३३, ३३ आणि ३४ टक्के, थेट आपल्या खात्यात. विद्यापीठाला आपणच भरायचे. पहिला हप्ता ४,११५ पौंडांचा. माझी शिल्लक १,८०० होती. बेरीज ५,९१५. सहा हजारांच्या रेषेपासून ८५ पौंड अलीकडे. कर्ज आधीच उत्पन्न म्हणून मोजलंय, ते पुन्हा बचत म्हणून मोजायला नको, हे मलाही कळतं. तरी जोखीम कोण घेईल? सकाळी पावणेसातला पैसे आले आणि सातला फीचा हप्ता भरला, चहाच्या आधी. फेड म्हणाल तर नोकरी लागून पगार वर्षाला २१,००० च्या वर गेला की वरच्या रकमेचे ६ टक्के. व्याज मात्र पहिल्या हप्त्यापासूनच चढायला लागतं.

त्याच सप्टेंबरात मंडळाचा गणपती होता, कम्युनिटी हॉलमध्ये. मी मोदक केले नव्हते, पहिल्यांदाच. कुणीतरी विचारलं, सध्या काय करतेस, आणि मी सांगितलं. एक काका, मनाने वाईट नाहीत, मोठ्याने म्हणाले, “म्हणजे आता घरही सरकारचं, शिक्षणही सरकारचं! आम्ही टॅक्स भरतो तो जातो कुठे ते कळलं.” सगळे हसले, मीही हसले. कर्ज आहे काका, फेडायचंय, असं काहीतरी पुटपुटले. मग ताटं ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर त्याच काकांच्या बायको, काकू, मागून आल्या. दार लोटलं. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा, मिरगीचा त्रास, घरीच असतो, हे मंडळात सगळ्यांना माहीत आणि कुणी बोलत नाही. म्हणाल्या, “तो पिपचा फॉर्म कुठे मिळतो गं? यांना सांगू नकोस.” फॉर्म कुठे मिळत नाही काकू, आधी फोन करावा लागतो, मग ते पाठवतात. नळ सोडून ठेवून, पाण्याच्या आवाजात, मी त्यांना कार्डावरच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी पेपर नॅपकिनवर लिहून घेतल्या आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवल्या.

वर्ष कसं गेलं ते वेगळं लिहायचा विषय. एवढंच सांगते की अपंगांचा मोफत बसपास कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधी चालत नाही, आणि माझा वर्ग दहाला. त्यामुळे दर मंगळवारी दहा-पंधरा मिनिटं उशीर. पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवलं, आणि त्या दाराजवळची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवायच्या. ज्या दिवशी गटचर्चा असे त्या दिवशी मी तिकीट काढून जायची. आणि हो, पूर्णवेळ विद्यार्थी एकटा राहत असेल तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा घरावरचा कर, माफ होतो. विद्यापीठाचा दाखला पाठवला आणि महिन्याचे तेवढे पैसे वाचले. वहीत हे मी मांडलंच नव्हतं. १४० च्या खाली नंतर हिरव्या शाईत लिहिलं, ‘+ कौन्सिल टॅक्स’, आणि उगाचच एक फूल काढलं.

प्रबंध १२ सप्टेंबर २०२५ ला दुपारी पाठवला. त्याच संध्याकाळी जर्नलमध्ये लिहिलं, अभ्यासक्रम संपला. २३ तारखेला युनिव्हर्सल क्रेडिटचा तपशील आला. अकरा महिने त्यात कपातीच्या रकान्यात विद्यार्थी-उत्पन्न म्हणून २३०.१२ असायचे. ती ओळ नव्हती. मी पान दोनदा ताजं करून पाहिलं. खरंच नव्हती. आईला फोन लावला, तर तिला वाटलं निकाल लागला. म्हटलं निकालाला वेळ आहे, कपात थांबली. “बरं मग,” ती म्हणाली, “आता तरी सुंठ घे.”

दोन दिवसांनी कौन्सिलचं पाकीट दारात पडलं. माफी संपली, १३ सप्टेंबरपासूनचं बिल सोबत जोडलंय.